अल्पशा आजाराने

अक्का,

तुझ्या निधनाची बातमी पेपरला मीच दिली. दवाखान्याच्या आवारात, पाण्याच्या टाकीपाशी आपण सगळे उभे होतो. चुकले, आम्ही सगळे उभे होतो. भाऊचा संदीप मोबाईलवर टाइप करत होता. "आत्या, काय टाकू?" त्यानं विचारलं आणि मी कुठेही न अडखळता सांगत गेले. "घोडेगाव येथील कौसल्या यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्या एकोणसाठ वर्षांच्या होत्या. त्यांच्या मागे भाऊ, भावजय, बहीण, भाचे, भाची असा परिवार आहे. शांत व सोशिक स्वभावामुळे त्या सर्वपरिचित होत्या." संदीप मध्येच थांबला. "अल्पशा टाकू, आत्या?" मी म्हटलं, "दोनच दिवस होती ना रे दवाखान्यात. टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊच्या ओट्यावर पेपर पडला होता. तुझी जागा रिकामी दिसली म्हणून मी तिथेच बसले, आतलं पान उघडलं, तुझ्या फोटोखालचं वाचलं आणि कुणीतरी कानाखाली ओढावी तसं झालं. आजूबाजूला माणसं होती. त्यांना वाटलं मॅडमना रडू आवरत नाहीये. भावजयीनं पाणी आणून दिलं. मी ते प्यायले आणि पेपर घडी करून मांडीखाली घातला, जणू मग तो कुणी वाचलाच नसता.

सतरा दिवस झाले त्याला. तुला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगते, माझं मलाच ऐकू यावं म्हणून. मी नगरच्या कॉलेजात जनसंवाद शिकवते. जे आजार वरून दिसत नाहीत, म्हणजे फिट येणं, सततचं दुखणं, एका कानानं ऐकू न येणं, मनाचे आजार, त्यांना पेपर, मालिका आणि जाहिराती कसं दाखवतात हा माझा अभ्यासाचा विषय. अदृश्य अपंगत्वाचं माध्यमांतलं चित्रण. एवढं लांबलचक नाव सांगताना मी हल्ली दमही घेत नाही. या विषयानं मला डॉक्टरेट दिली, प्राध्यापकपद दिलं, पुस्तक दिलं, खांद्यावर शाली घातल्या. आणि माझ्या पुस्तकाचं चौथं प्रकरण 'अल्पशा आजाराने' या दोनच शब्दांवर आहे. मराठी पेपर माणसाचा जन्मभराचा आजार या दोन शब्दांत कसा गाडून टाकतात, यावर मी तेहेतीस पानं लिहिली आहेत.

तुला पहिली फिट आली तेव्हा तू बारा वर्षांची होतीस, मी आठ. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत तू पडलीस. गुरुजी धावत आले. कुणीतरी ओरडलं, "चप्पल हुंगवा!" सगळ्यांच्या चपला वर्गाबाहेर होत्या, माझ्याच पायात होती, मी काढायची विसरले होते. निळ्या पट्ट्याची ती स्लिपर मीच तुझ्या नाकाशी धरली. तुला शुद्ध आली तेव्हा मला काय अभिमान वाटला, अक्का! माझ्या चपलेनं अक्का उठली म्हणून मी आठवडाभर गावात सांगत फिरले. आता वर्गात शिकवताना मी म्हणते, "ग्रामीण भागात असा एक गैरसमज आढळतो." कुणाची चप्पल, कुणाचं नाक, ते मी तीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही.

घरात त्याला आईनं शब्द दिला, चक्कर. "कौसल्याला चक्कर येती. अशक्तपना हाय." गोळ्या मोहरीच्या डब्यामागे. चूल, विहीर आणि रस्ता, तिन्ही तुला बंद. शाळाही सुटली, कारण शाळेला जायचं तर रस्ता लागतो. मग उरला ओटा. बाजाराच्या दिवशी बैलांनी भरलेले टेम्पो बघायचे आणि इतर दिवशी अप्पांचा पेपर पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचा. मी दहावीला मराठीत पहिली आले ते कुणामुळे हे गुरुजींना कधी कळलं नाही. माझे निबंध तू तपासायचीस.

एकोणिसाव्या वर्षी तुझं लग्न केलं आणि आठ महिन्यांत तू ट्रंक घेऊन परत आलीस. तुझी सासू अंगणात उभी राहून म्हणाली, "पोरगी फसवून दिली." अप्पा म्हणत राहिले, "नुसती चक्कर हाय वो." मी दाराआडून ऐकत होते आणि त्या बाईचा मला भयंकर राग आला होता. सगळी गेल्यावर तू मला म्हणालीस, "फसवलंच की गं त्यास्नी. मी पयल्याच दिशी सांगनार हुते. आईनं शपत घातली."  

माझा विषयसुद्धा तूच काढलास. मी दिवाळीच्या सुट्टीत गावी आले होते, तोंड पाडून. मार्गदर्शकांनी तीन विषय नाकारले होते. तू कांदे निवडत होतीस. "पेपरात आमच्यासारक्याचं काय येतं ते बघ की," म्हणालीस. "एक तर बिचारी म्हनत्यात, न्हाईतर ढोंगी म्हनत्यात. मी रोज वाचते." त्या दिवसापासून तू कात्री हातात धरलीस. ब्लाऊजची ती जुनी जड कात्री. भाऊ कांदा घेऊन मार्केट यार्डात आला की त्याच्या टेम्पोत पुढच्या सीटवर एक पिशवी असायची, तीत तुझ्या वह्या. प्रत्येक कात्रण खळीनं नीट चिकटवलेलं, आणि कोपऱ्यात टिकली.

टिकल्यांचं ते तुझं शास्त्र. जिथे आजारी माणसाची कीव केली असेल तिथे लाल. जिथे "दिसतो तर धडधाकट" म्हणून त्याला खोटं पाडलं असेल तिथे काळी. आणि जिथे माणूस जसा आहे तसा, नावागावासकट, धंद्यापाण्यासकट आला असेल तिथे हिरवी. लाल आणि काळ्या टिकल्यांची पाकिटं मला दर दोन महिन्यांनी बाजारातून आणावी लागायची. दुकानदारीण विचारायची, मॅडम, तुम्ही तर एवढीशी लावता. हिरव्या टिकल्यांचं एकच पाकीट आणलं होतं, ते अजून आहे.

आणि एकदा फोनवर तू म्हणालीस, "मंगे, आपल्या तालुक्यातली मान्सं समदी एकाच रोगानं मरत्यात बघ."

"कोणत्या?"

"अल्पशा."

मी हसले. तू हसली नाहीस. "हसती काय? वरच्या आळीची म्हातारी बारा वर्सं अंतरुनात हुती. तिच्या सुनंचं कंबरडं मोडलं उचलून उचलून. तीबी अल्पशानंच गेली. तो मास्तर, ज्याचं डोकं फिरल्तं, तोबी अल्पशानं. मानूस मेला की त्याचा आजारबी पुसून टाकत्यात. लाज वाटती का त्यांना?"

मी विचारलं, "याला कोणती टिकली लावतेस?"

"कोनतीच न्हाई. ह्यात आजार दाखवलाच न्हाई, तर टिकली कुटं लावू? उघड्या कपाळाचंच राहू दे."

वहीत अशी चारेकशे उघड्या कपाळाची कात्रणं साठली. मी त्यांचा शोधनिबंध केला. तो खूप वाखाणला गेला. त्याच्या शेवटी मी लिहिलं, "वृत्तपत्रीय कात्रणांच्या संकलनासाठी कुटुंबीयांचे आभार." कुटुंबीय! भाऊनं आयुष्यात पेपर वाचला तो कांद्याच्या भावापुरता.

तरी माझी तोंडी परीक्षा झाली त्या दिवशी तू गावात पेढे वाटलेस. "आमी दोगी डाक्टर झालो," असं सांगत वाटलेस. भाऊनं मला ते हसत हसत सांगितलं, आणि मी पण हसले. मला ते गोड वाटलं होतं, लहान मुलांचं बोलणं वाटतं तसं. खरं तर त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

त्या चर्चासत्राचंही सांगायचं राहिलं आहे. मी तुला नगरला बोलावलं होतं, माझं भाषण ऐकायला. तू नवी साडी नेसून आलीस. मी तुला दाराजवळच्या खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, इथे वारा चांगला लागतो. तू मान डोलावलीस. वाऱ्याची जागा नव्हती ती अक्का, ते तुलाही कळलं होतं. काही झालंच तर पटकन बाहेर नेता यावं म्हणून बसवलं होतं. आणि मग पडद्यावर तुझी कात्रणं आली, मोठी मोठी, स्वच्छ. जेवणाच्या सुट्टीत तू हळूच विचारलंस, "टिकल्या कुटं गेल्या?"

मी त्या काढल्या होत्या. स्कॅन करण्याआधी एकेक नखानं खरवडून. पडद्यावर बरं दिसलं नसतं, विद्यापीठातून माणसं आली होती. मी तुला म्हटलं, "अगं, मशीनमध्ये येत नाहीत त्या." तू म्हणालीस, "आसं का," आणि पुरी भाजीत बुडवलीस. परतीच्या बसमध्ये बसताना तुला मी खिडकीची जागा मिळवून दिली आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले.

आपली भांडणंही काय कमी नव्हती. 'अदृश्य' या शब्दावरून तू मला कायम छळलंस. "अदृश्य कुटं हाय? मी बाजारात पडले तवा बैल सोडून समद्या बाजारानं बघितलं. दिसतंय चांगलं. तुमाला बघायचं नसतंय." मी म्हणायचे, अगं ती परिभाषा आहे. तू म्हणायचीस, "नगरला गेल्यापासून तुजा 'ण' लई पक्का झालाय, बाकी काय न्हाई." ते भांडण संपलं नाही. मी दर वेळी म्हणायचे, पुढच्या आवृत्तीत बघू.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्यापाशी येते. किती वळसा घेतला बघ.

पुस्तकाचं सहावं प्रकरण तुझं होतं. मी तुझी मुलाखत घेतली होती, चार दुपारी, ओट्यावर बसून. तू सगळं सांगितलंस. फिटनंतर जीभ चावलेली असते तेव्हा पाणीसुद्धा कसं झोंबतं, उठल्यावर सगळ्यांच्या तोंडाकडे बघून किती वेळ गेला असेल याचा अंदाज तू कसा लावतेस, चुलीजवळ जाऊ न देणाऱ्या घरात बाई म्हणून राहणं काय असतं. मी आजवर घेतलेली ती सर्वांत चांगली मुलाखत आहे. छापायला जाण्याआधी मी तुला वाचून दाखवली. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस.

"क्ष कोन?"

"तू. नाव देत नाहीत. संशोधनाचा नियम असतो, गोपनीयता."

"क्ष म्हंजे ते गनितातलं? ज्याची किंमत काडायची असती ते?"

"तसं नाही गं."

"मग नाव टाक माजं. जिल्ह्याला नवं नाव आलं, मला माजं जुनंच दे की छापून. माजी हरकत न्हाई, तर कुनाची हाय?"

तुझं कारणही साधं होतं. शेजारच्या जनाबाईच्या नातीला, नववीतल्या, फिट यायला लागल्या होत्या, आणि त्यांच्याही घरात 'चक्कर' सुरू झालं होतं. तुला ते पुस्तक त्या पोरीला दाखवायचं होतं. "तिला कळू दे, ह्या आजाराच्या बाईलाबी नाव असतंय. क्ष दाखवून काय करू तिला?"

मी तुला नियम समजावत राहिले. अर्धा तास. नियम खरा आहे अक्का, पण त्यात हेही लिहिलेलं असतं की माणसानं स्वतः सांगितलं तर नाव द्यावं. ते मी गाळलं. कारण त्याच महिन्यात माझ्या मुक्ताला संगमनेरचं स्थळ आलं होतं. माणसं चांगली, मुलगा चांगला, मुक्ताला पसंत. पुस्तकात माझ्या बहिणीचं नाव आणि फिटचा आजार एका ओळीत आला असता तर त्यांनी विचारलं असतं, घराण्यात आहे का? जन्मभर ज्या प्रश्नाविरुद्ध मी व्याख्यानं दिली, तो प्रश्न माझ्या दारात यायच्या आधीच मी दार लावून घेतलं. त्यांनी विचारलाही नव्हता. मीच त्यांच्या वतीनं विचारला आणि मीच घाबरले. आईनं मोहरीच्या डब्यामागे गोळ्या ठेवल्या, मी पुस्तकात क्ष ठेवला. आई निदान चौथीपर्यंतच शिकलेली होती.

आणि साखरपुड्याचा तो फोन. तो मला रोज आठवतो. मी म्हटलं, "अक्का, साखरपुड्याला दगदग नको करूस. लग्नाला ये आरामात."  तू म्हणालीस, "बरं." आणि मग तुझ्या त्या चिडवायच्या आवाजात, "कुनी इचारलं तर सांग, अल्पशा कारनानं आली न्हाई म्हनून."

मी हसले. पुन्हा एकदा हसले, अक्का. तू लग्नाला आलीस, मुक्ताला मिठी मारलीस, आणि मांडवात कुठे बसायचं ते मला न विचारता शेवटच्या रांगेत, दाराजवळ जाऊन बसलीस.

या वेळी एकामागून एक फिट येत राहिल्या आणि थांबल्या नाहीत. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. दोन दिवसांत तू दोनदा डोळे उघडलेस. दुसऱ्यांदा मी समोर होते. तुझ्या सवयीप्रमाणे तू माझ्या तोंडाकडे बघून किती वेळ गेला असेल याचा अंदाज घेत होतीस. मी म्हटलं, "फार नाही झाला वेळ." एवढंच बोलणं झालं आपलं शेवटचं. तेही खोटं.

तू गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी मुक्ताचा फोन आला. "आई, मावशीला नक्की कशानं झालं? सासूबाई विचारतायत." माझ्या तोंडून निघालं, "बीपी."  ती म्हणाली, "बरं." तुझ्यासारखंच म्हणाली, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

दशक्रिया प्रवरासंगमला केली. पिंड ठेवला आणि सगळे कावळ्याकडे बघायला लागले. तिचं काय राहिलं असेल, असं बायका कुजबुजत होत्या. भाऊ हात जोडून म्हणाला, "अक्का, घराची काळजी करू नको." मला माहीत होतं काय राहिलं होतं ते. कावळा आला नसता तर मला बोलावं लागलं असतं, त्या सगळ्या गर्दीसमोर, आणि मी घाबरून नदीकडे तोंड करून उभी होते. पण कावळा लगेच आला. तू कुणाला कधी ताटकळत ठेवलं नाहीस.

मग माइकवर श्रद्धांजली. सूत्रसंचालकानं पेपरातलं कात्रणच वाचून सुरुवात केली. माझं वाक्य नदीकाठावर कर्ण्यातून दोनदा घुमलं. अल्पशा आजाराने. बायकांच्या घोळक्यातून जनाबाई मोठ्यानं म्हणाली, "अल्पशा कशाचा? सत्तेचाळीस वर्सं हुता तिला. मी मोजलीत." आजूबाजूच्यांनी तिला गप्प केलं. आणि मग माझं नाव पुकारलं. मी माइकजवळ गेले. जनाबाई माझ्याकडे बघत होती, शिकलेली बाई आता सांगेल म्हणून. मी म्हटलं, "माझी अक्का शांत आणि सोशिक होती." पुढेही बरंच बोलले. लोकांनी डोळे पुसले. जनाबाईनं नाही पुसले.

तू शांत नव्हतीस. सोशिक तर मुळीच नव्हतीस. तुला खोटं बोललेलं सोसत नव्हतं.

मुक्ता मला घेऊन नगरला आली, दोन दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाजी चिरत होती आणि मला म्हणाली, "आई, तू मला बीपी का सांगितलंस?" मी म्हटलं, "म्हणजे?" तिनं विळी बाजूला सरकवली.

"मला माहीत आहे मावशीला काय होतं ते. साखरपुड्याच्या आधी मी साडी दाखवायला घोडेगावला गेले होते, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. गोळीचं नावसुद्धा. म्हणाली, लपवून लग्न लावलं की काय होतं ते मी भोगलंय, तू सांगून कर. मी घरी जाऊन त्याला सांगितलं, मग त्याच्या आईला. त्या म्हणाल्या, त्यात काय, माझ्या भावाला आहे, तो शाळेत शिकवतो. त्या दिवशी त्या विचारत होत्या ते गोळी चुकली होती का म्हणून. त्यांना वाईट वाटलं होतं."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस इतके दिवस?"

"मावशी म्हणाली, तुज्या आईला सांगू नको. ती लई घाबरती ह्याला."

अक्का, माझ्या पाठीमागे तुम्ही सगळ्यांनी मिळून मला सांभाळून घेतलंत. संगमनेरच्या बाईंनासुद्धा ठाऊक होतं. साखरपुड्याला तू नव्हतीस तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "मावशी आल्या नाहीत का?" आणि मी म्हटलं होतं, शेतीची कामं आहेत. त्यांनी मान डोलावली. तूही फोनवर "बरं" म्हणालीस, सगळं ठाऊक असून. ज्या आजारानं तुला चुलीपासून, विहिरीपासून, रस्त्यापासून तोडलं, त्याची भीती वाटणारी घरात एकच बाई उरली होती, आणि ती त्याच आजारावर व्याख्यानं देत होती. माझी चक्कर तू झाकलीस.

त्याच दुपारी मी पेपरच्या कार्यालयात फोन केला. म्हटलं, निधनवार्तेत दुरुस्ती छापायची आहे.

"नाव चुकलंय का मॅडम?"

"नाही."

"वय?"

"नाही. आजार चुकलाय."

पलीकडे कुणीतरी तरुण मुलगा होता. कदाचित माझाच विद्यार्थी असेल कुठल्यातरी वर्षाचा. "मॅडम, आजार कोण बघतं?" तो म्हणाला. आणि निधनवार्तेला दुरुस्ती नसते, असंही म्हणाला. त्याच्यावर रागवायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

म्हणून इथे लिहिते. आडनाव लावत नाही. सासरचं तुला नको होतं, माहेरचं लावलं की आई रडायची, आणि शेवटी तू पोस्टाच्या पासबुकावरसुद्धा नुसती 'कौसल्या' अशी सही करायला लागलीस. तेच लिहिते.

घोडेगाव येथील कौसल्या यांचे अपस्माराने, म्हणजे फिटच्या आजाराने निधन झाले. हा आजार त्यांना सत्तेचाळीस वर्षे होता. तो त्यांनी लपवला नाही, त्यांच्या घरच्यांनी लपवला. 'अल्पशा आजाराने' या शब्दांतली लबाडी त्यांनीच प्रथम ओळखली. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या पुस्तकातील चौथे प्रकरण त्यांचे आहे आणि सहाव्या प्रकरणातील क्ष म्हणजे त्या. त्या शांत नव्हत्या.

तुझी शेवटची वही भाऊनं माझ्याकडे पाठवली आहे, कात्रीसकट. तुझ्या निधनवार्तेचं कात्रण मी तीत चिकटवलं. खळ मला तुझ्यासारखी जमत नाही, कोपरा उचललाय. टिकली लावली नाही, तुझ्याच नियमानं. समोरचं पान कोरं ठेवलंय. हा लेख छापून आला की कापून तिथे लावीन आणि वही जनाबाईच्या नातीकडे देईन, तिन्ही पाकिटांसकट. कोणती लावायची ते ती ठरवील. लाल लावली तरी मी काही बोलणार नाही.

माझे निबंध तू तपासायचीस ना? आता हा तपास. नाव नीट छापलंय का, तेवढं बघ.

तुझी मंगल